आभाळाची थकबाकी

जुलैअखेर म्हणजे ग्रामीण बँकशाखेत पीककर्जाच्या धांदलीचे दिवस. २००२ सालची जुलैअखेर मात्र आमच्या शाखेत विलक्षण शांततेत गेली. जालना जिल्ह्यात, अंबडच्या अंगाला असलेल्या एका गावात मी तेव्हा शाखा व्यवस्थापक होतो. माझ्या टेबलामागच्या खिडकीतून समोरचे रान दिसे. जूनच्या पावसावर उगवलेली पिके चार-सहा पानांवर येऊन माना टाकून उभी होती. गावातली माणसे बँकेत यायची, पंख्याखाली दहा मिनिटे बसायची, एकमेकांना तेच ते विचारायची आणि दारातून बाहेर पडताना सवयीने वर बघायची.

त्या दिवशी दुपारी तात्या आले. सगळे गाव त्यांना तात्या म्हणे, म्हणून मीही म्हणे. त्यांनी धोतराच्या सोग्यातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. आत सोन्याच्या दोन पाटल्या होत्या.

"काकूंना विचारलंत का?" मी म्हणालो.

"तिनंच काढून दिल्या. पहिली पेरणी तर गेली, साहेब. बी-खताला पैसे पाहिजेत. सगळं रान पेरत नाही. अर्ध्यात सूर्यफूल टाकतो, अर्धं रब्बीच्या ज्वारीला ठेवतो."

"अर्धं का?"

"गेलेला पाऊस वापस येत नसतो. आता पुढं जो पडंल त्याच्यावर बघायचं."

माझ्या टेबलाच्या काचेखाली वर्तमानपत्रातले एक कात्रण होते. हवामान खात्याने मे महिन्यात दिलेला अंदाज : यंदा देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस. मी त्यावर बोट ठेवले आणि तात्यांना समजावून सांगितले की, शास्त्रज्ञांनी एकूण पाऊस १०१ टक्के सांगितला आहे, त्यातला जुलैचा आलेला नाही, म्हणजे तो ऑगस्ट-सप्टेंबरात यायचा बाकी आहे. हिशेब कुठेतरी जुळायला हवा की नाही? अर्धे रान मोकळे ठेवून नुकसान कशाला करून घेता? सगळे पेरा.

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. शिकलेल्या माणसाच्या शब्दाला तेव्हा खेड्यात मान होता. त्यांनी सगळे रान पेरले.

ऑगस्टात पाऊस आला. पण ऑगस्टात जितका यायचा तितकाच आला. जुलैचा म्हणून वेगळा काही आला नाही. सप्टेंबर आखडला. सूर्यफुलाची डोकी माना वळवून उभी राहिली आणि आत दाणा भरला नाही. ज्वारीसाठी ना मोकळे रान उरले होते, ना जमिनीत ओल. सोनेतारणाची मुदत संपली, व्याज चढले, नोटीस निघाली आणि पुढे लिलाव झाला. नोटिशीवर सही माझी होती. बँकेच्या नियमात त्या सहीत काही गैर नव्हते. गैर होते ते त्याआधी मी टेबलावर बोट ठेवून सांगितलेले गणित, आणि त्या गणिताला कुठल्याच रजिस्टरात रकाना नव्हता.

निवृत्तीनंतर मी कादंबऱ्या लिहिण्यात रमलो. परवा-परवा एका कादंबरीत हे लिलावाचे प्रकरण घ्यायला बसलो आणि अडलो. माझ्या पात्राने चूक केली हे मला आतून ठाऊक होते, पण चूक नेमकी कोणती? अंदाज हवामान खात्याचा, पाऊस निसर्गाचा. साहेबाने फक्त बेरीज-वजाबाकी केली. माझी सूनबाई छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. दिवाळीत ती जालन्याला आली, तेव्हा स्वयंपाकघरातच तिला विचारले. ती हात पुसत म्हणाली, "बाबा, तुमची वजाबाकी बरोबर आहे. वजाबाकी करायचीच नव्हती, एवढंच." आणि जुन्या कॅलेंडरचे एक पान फाडून ती टेबलाशी बसली.

पुढचे सगळे तिने त्या पानाच्या कोऱ्या बाजूवर मला समजावले. मी ते माझ्या पद्धतीने सांगतो.

तहसील कचेरीत पर्जन्यमापक असतो आणि त्याची नोंदवही असते. तिथल्या प्रत्येक वर्षाचा एकूण पाऊस घ्या आणि एका लांब पट्टीवर, जितके मिलिमीटर तितक्या खुणेवर, ज्वारीचा एक दाणा ठेवा. वर्षे वाढतील तसे दाणे एकमेकांवर चढतील. मध्ये सरासरीपाशी गर्दी होईल आणि दोन्ही कडांना दाणे विरळ होत जातील. खळ्यावरच्या राशीसारखा काहीसा आकार तयार होईल. फरक इतकाच, की खरी रास टोकदार असते आणि ही घंटेसारखी घुमटाकार. याला पाठ्यपुस्तकात प्रसामान्य वितरण म्हणतात. रास कुठे बसली आहे हे सरासरी सांगते, आणि ती किती पसरली आहे हे सांगणाऱ्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक विचलन मोजले की शंभरातली सुमारे ६८ वर्षे त्यात येतात. दोन-दोन मोजली की ९५. पाऊस अगदी काटेकोरपणे या राशीत बसतो असे नाही. एका दिवसाचा तर मुळीच बसत नाही, आणि आपल्यासारख्या कोरड्या मुलखात हंगामाची रासही थोडी एका अंगाला कललेली असते. पण चार महिन्यांच्या बेरजेला ती कामापुरती चालते.

आता सोपे आकडे घेऊ. हे हिशेबासाठी धरलेले आहेत, कुठल्या तालुक्याच्या दप्तरातले नव्हेत. समजा जून-जुलैची सरासरी ३०० मिलिमीटर आणि विचलन १००. ऑगस्ट-सप्टेंबरची सरासरी ३५० आणि विचलन तेही १००. एकूण सरासरी झाली ६५०. एकूण विचलन मात्र २०० होत नाही, सुमारे १४० होते. कारण कधी एका जोडीची तूट दुसऱ्या जोडीची वाढ झाकून टाकते. हे झाकणे योगायोगाने घडते. मी त्यालाच निसर्गाचे कर्तव्य समजलो होतो.

मे महिन्यात, काहीच घडलेले नसताना, कुणी विचारले की यंदा ६५० गाठेल का, तर उत्तर सरळ आहे : गाठेल किंवा नाही गाठणार, पन्नास-पन्नास. जुलै संपला आणि पर्जन्यमापकात १५० च भरले. आता तोच प्रश्न विचारला तर? ६५० गाठायला उरलेल्या दोन महिन्यांत ५०० पडायला हवेत. त्यांची सरासरी ३५०, म्हणजे दीड विचलन वर. राशीच्या कोष्टकात दीड विचलनापलीकडे शंभरात सुमारे सात दाणे असतात. जी गोष्ट मेमध्ये शंभरात पन्नास होती, ती जुलैअखेर शंभरात सात उरली. आणि मी तात्यांना ती जवळजवळ शंभरात शंभर म्हणून सांगितली होती.

याचे नाव सशर्त संभाव्यता. बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला सशर्त मंजुरी चांगली ठाऊक असते : अमुक कागद आला तर कर्ज. संभाव्यतेलाही तशीच अट लावता येते, किंबहुना लावावीच लागते, हे मात्र कुणी शिकवले नाही. 'पाऊस सरासरी गाठेल' हे एक वाक्य आहे. 'जुलैपर्यंत १५० च पडला हे कळल्यानंतर पाऊस सरासरी गाठेल' हे दुसरे. दोघांची उत्तरे वेगळी असतात. दुसऱ्या वाक्यासाठी जुनी रास मोडून नवी रचावी लागते. आमच्या आकड्यांत नव्या राशीचे मधले टोक ६५० वरून १५० अधिक ३५०, म्हणजे ५०० वर सरकते, आणि रास अरुंद होते. विचलन १४० वरून १०० वर येते, कारण निम्मा हंगाम आता अज्ञात राहिलेला नाही. आपण काही जाणले की रास हलते आणि आवळते. पण ती कुठल्या दिशेने हलते, हे आपल्या गरजेवर ठरत नाही.

माझी चूक दिशेची होती. जुलैच्या तुटीमुळे ऑगस्टची रास भरपाईसाठी वर सरकते असे मी गृहीत धरले. ही खोड धंद्यातली आहे. दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नव्हतो. एकीकडे नावे पडले की दुसरीकडे जमा दिसलेच पाहिजे, ही आमची जन्माची सवय. पण आभाळाकडे थकबाकीचे खाते नसते. ऑगस्टच्या ढगाला जुलैचे देणे माहीत नसते. फार तर जुलै कोरडा जाण्यामागे जे कारण होते ते ऑगस्टातही टिकून राहील आणि रास उलट थोडी खालीच सरकेल.

तात्यांना हे कुठून कळले होते? 'गेलेला पाऊस वापस येत नसतो' या एका वाक्यात त्यांनी अट लावून टाकली होती. त्यांचा बेत याच गणिताने तपासून पाहा. रब्बीच्या ज्वारीला ओल धरण्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबरात समजा ३०० मिलिमीटर पुरतात. सरासरी ३५०, विचलन १००. म्हणजे अर्ध्या विचलनाने खाली. ती शक्यता शंभरात ६९ भरते. ज्या कोष्टकाने 'हंगाम भरून निघेल' या आशेला सात गुण दिले, तेच कोष्टक अर्धे रान राखून ठेवण्याला ६९ देते. सूनबाईने हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नाही.

राशीचा हा स्वभाव पहिल्यांदा नीट दिसला तो बियाण्यांत, आणि जालन्याच्या माणसाला हे ऐकून बरे वाटेल. आमचे गाव बियाण्यांचे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको काढली, पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज जालन्यात बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या मोजत बसलो तर चहा गार होईल. इंग्लंडातल्या फ्रान्सिस गाल्टनने १८७५ साली गोड वाटाण्याच्या, म्हणजे तिकडच्या एका फुलवेलीच्या बिया घेतल्या, मोठ्यापासून बारीकपर्यंत त्यांचे सात आकार पाडले आणि पुड्या करून मित्रांना पेरायला पाठवल्या. पीक आले तेव्हा त्याने मोजमाप केले. मोठ्या बीचे पीक सरासरीहून मोठे होते, पण आईइतके मोठे नव्हते. आई सरासरीपेक्षा जितकी मोठी, त्याच्या साधारण तिसरा हिस्सा लेकी मोठ्या. बारीक बियांचेही तसेच, उलट्या बाजूने. दुसरी गोष्ट त्याहून नवलाची : आई कोणत्याही आकाराची असो, तिच्या लेकींची रास तितकीच रुंद होती.

गाल्टनने पुढे आईबाप आणि मुले यांच्या उंचीवर हेच केले आणि १८८६ साली डिक्सन नावाच्या गणितज्ञाकडून त्याचे गणित पक्के करून घेतले. त्याचे सार खळ्यावर दाखवता येते. दोन गोष्टी एकाच वेळी मोजल्या, एक लांबीत आणि दुसरी रुंदीत, तर दाण्यांची जमिनीवर पसरलेली खरीखुरी रास होते. तिच्यातून कुठूनही सरळ फळी घातली, तर कापलेल्या कडेचा आकार पुन्हा राशीचाच निघतो. फळी घालणे म्हणजे अट घालणे. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध घट्ट असेल तर रास तिरकी आणि लांबट असते. फळी पुढे सरकवली की कडेचे टोकही सरकते. संबंध नसेल तर रास गोल असते. फळी कुठेही घाला, टोक जागचे हलत नाही. आईच्या बीवरून लेकीच्या बीविषयी काही सांगता येते. जुलैवरून ऑगस्टविषयी फारसे नाही. आणि दोन्हींत 'परतफेड' अशी रास कुठेच नाही.

(लग्नाच्या बैठकीत उंच मुलीला उंचच मुलगा हवा, म्हणजे नातवंडे ताडमाड होतील, असे म्हणणाऱ्या मावशांनी गाल्टन वाचावा. पण तो विषय आज नको.)

आता त्या कात्रणातल्या १०१ टक्क्यांकडे वळतो, कारण त्यात दोष हवामान खात्याचा किती आणि माझा किती, हे वेगळे करायला हवे. मोसमी पावसाचा अंदाज म्हणजे मुळात सशर्त राशीचाच व्यवहार. भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख म्हणून १९०४ ते १९२४ काम केलेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणितज्ञ. जगाच्या कुठल्या कोपऱ्यातल्या हवेच्या दाबाचा आपल्या पावसाशी संबंध लागतो, हे त्यांनी आकड्यांत शोधले. त्याच वाटेवर १९८८ साली आपल्या डॉ. वसंत गोवारीकरांचे प्रारूप आले. गोवारीकर हे पुण्याचे, अग्निबाणाच्या घन इंधनावर काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा खुणा निवडल्या : कुठले तापमान, कुठला दाब, कुठले वारे, कुठला बर्फ, प्रशांत महासागरातला एल निनो. या सोळा गोष्टी यंदा अशा-अशा आहेत, ही अट. अशा अटीखाली देशाच्या पावसाची रास कुठे बसते, हे उत्तर. १९८८ पासून २००१ पर्यंत देशभरचा मोठा दुष्काळ पडला नाही आणि वर्तमानपत्रे वाचणाऱ्या आमच्यासारख्यांचा या अंदाजावर विश्वास बसून गेला. २००२ साली अंदाज आला १०१ टक्के आणि प्रत्यक्षात पाऊस झाला ८१ टक्के. देशाचा जुलै जवळजवळ निम्मा कोरडा गेला. देशाच्या पावसाचे विचलन सरासरीच्या सुमारे दहा टक्के असते, म्हणजे ८१ टक्के हा राशीच्या डाव्या टोकाचा, शंभरात तीन वर्षांचा मामला. पुढच्याच वर्षी, २००३ साली, खात्याने प्रारूप बदलले.

गोवारीकरांच्या प्रारूपाची तेव्हा टिंगल झाली. मला ती अन्यायाची वाटते. शंभरात तीन म्हणजे शून्य नव्हे. शिवाय तो अंदाज सबंध देशाचा होता. देशाची रास अरुंद असते, कारण केरळची तूट आसाम भरून काढतो. एका तालुक्याची रास तिच्या दुप्पट-तिप्पट पसरलेली असते. आणि सर्वांत मोठी गोष्ट : तो अंदाज मे महिन्याचा होता. मेमधल्या माहितीवर रचलेली रास मी जुलैच्या अखेरीला, मध्ये दोन महिने डोळ्यांदेखत घडून गेलेले असताना, जशीच्या तशी वापरली. शिळी रास ताजी म्हणून विकली. तो दोष कुठल्याच प्रारूपाचा नाही.

बँकेत आणखी एक अट आमच्या हातून सतत निसटायची. मोसंबीच्या बागेला कर्ज देताना प्रस्तावात सरासरी पर्जन्यमानाचा रकाना असे. तो भरला की आम्ही पुढच्या रकान्यावर. पण मोसंबीचे झाड सरासरी पावसाने मरत नाही, आणि थोड्या कमी पावसानेही मरत नाही. शेतकरी टँकर लावतो, पाचट पसरतो, फळ तोडून टाकून झाड जगवतो. बाग मरते ती फार वाईट वर्षी. मघाच्याच आकड्यांत ५१० च्या खालचे वर्ष 'वाईट' म्हणा. ते एक विचलन खाली, शंभरात सुमारे सोळा. ३७० च्या खालचे 'फार वाईट'. दोन विचलने खाली, शंभरात दोनच्या थोडे वर. शंभरात दोन हा आकडा ऐकून कुठलाही व्यवस्थापक निश्चिंतपणे सही करील. पण पैसेवारी पन्नास पैशांच्या आत जाहीर झाली, गाव टंचाईच्या यादीत लागले, की आपण आता शंभरांतल्या त्या सोळांत आलेलो असतो. आता विचारायचे : सोळांत दोन म्हणजे किती? सातांत एक. ज्या दिवशी वर्ष वाईट आहे हे कळते, त्याच दिवशी ते फार वाईट असण्याची शक्यता सहापटीहून अधिक होते. आणि वाईट वर्षांची आपली सरासरी काढली तर ती ५१० च्या आसपास नसते, ४३५ च्या आसपास उतरते. उंबरठा ओलांडला की माणूस उंबरठ्यावर थांबत नाही, पायरीपर्यंत जातो.

२०१२ साल आमच्या जिल्ह्याने तसे पाहिले. विहिरी तळाला गेल्या, जालना शहर पाण्यासाठी टँकरच्या तोंडाकडे पाहत बसले, आणि वर्षानुवर्षे पोसलेल्या मोसंबीच्या बागांवर लोकांनी स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालवली. टँकरचे पैसे संपल्यावर दुसरे काय करणार? बागांवरची आमची कर्जे सरासरी पावसावर मंजूर झालेली होती.

एल निनोचे एक सांगून टाकतो, कारण चहाच्या टपरीवरही आता तो शब्द पोचला आहे. १९७२, १९८७, २००२, २००९, २०१५, हे दुष्काळ एल निनोच्या वर्षांतले. यावरून लोक एल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच मानतात. पण 'दुष्काळ असताना एल निनो असणे' आणि 'एल निनो असताना दुष्काळ असणे' ही दोन वेगळी गणिते आहेत. १९९७ साली विसाव्या शतकातल्या सर्वांत बलवान एल निनोंपैकी एक आला होता, आणि देशाचा पाऊस सरासरीच्या थोडा वरच राहिला. २०१२ साली तर एल निनो नव्हता. एल निनो रास खाली सरकवतो. दाणा कुठे पडेल ते ठरवत नाही.

हवामान खाते आता हा व्यवहार पुष्कळ मोकळेपणाने करते. एप्रिलमध्ये पहिला अंदाज, मेअखेर सुधारलेला, आणि जुलै संपताना ऑगस्ट-सप्टेंबर या उरलेल्या दोन महिन्यांचा वेगळा. त्यात सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका, सरासरीपेक्षा जास्त अशा शक्यता टक्क्यांत दिलेल्या असतात. वाचणारे अजूनही एकच आकडा शोधतात. मीही तेच करायचो.

कॅलेंडरचे ते पान घडी करून खिशात घातले आणि एका सकाळी एस. टी. धरून मी तात्यांच्या गावी गेलो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटले होते; वाटेत कितीतरी रानांत माती वाहून गेलेली, बांध फुटलेले दिसत होते. तात्या आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. ओसरीवर बसले होते. काकूंनी पाणी आणून दिले. त्यांच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. माझी नजर तिकडे गेली हे त्यांनी पाहिले असावे.

मी तात्यांना सगळे सांगितले. त्यांच्याच अंगणातले दाणे घेऊन रास करून दाखवली, सात आणि ६९ हे दोन आकडे दाखवले, आणि त्या दिवशी मी चुकीचे सांगितले होते हेही म्हणालो. एवढे वाक्य म्हणायला मला तेवीस वर्षे लागली.

"म्हंजे मी म्हणत होतो तेच," तात्या म्हणाले.

"तेच."

"मग तव्हा मला बी तुमच्यासारखं आकड्यात सांगता यायला पाहिजे व्हतं," ते म्हणाले. रागाने नाही, खरोखरच तसे वाटून म्हणाले.

काकू चहा घेऊन आल्या. "पाटल्यांचं मनाला लावून घेऊ नका, साहेब," त्या म्हणाल्या. "तव्हा नसत्या गेल्या तर पोरीच्या लग्नात गेल्या असत्या."

त्यावर तात्या हसले, काकू हसल्या नाहीत. मी चहा प्यालो.

तात्यांनी तो कागद डोळ्यांजवळ धरून बराच वेळ न्याहाळला. "औंदा सप्टेंबरात एवढा पडला. त्यो ह्याच्यात कुठं बसतो?"

मी राशीच्या उजव्या टोकावर बोट ठेवले. सूनबाईने ती रेघ बारीक करत कागदाच्या कडेपर्यंत नेली होती आणि तिथेच सोडली होती. पुढे जागा नव्हती. तात्यांनी पान उलटून मागे काही आहे का ते पाहिले. मागे जुलै महिना होता.